टाइम-शेअरिंग प्रणालींचे इतिहासलेखन : एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम या विषयाचे शिक्षण बहुधा एका ठरलेल्या क्रमाने सुरू होते. प्रथम बॅच पद्धती, नंतर मल्टिप्रोग्रॅमिंग आणि त्यानंतर टाइम-शेअरिंग. एका मोठ्या यंत्राचा वेळ अतिशय लहान तुकड्यांत विभागून तो अनेक वापरकर्त्यांना आळीपाळीने द्यावयाचा, जेणेकरून यंत्र आपल्या एकट्याच्याच सेवेत आहे असे प्रत्येकाला वाटावे, अशी टाइम-शेअरिंगची व्याख्या दिली जाते. परीक्षेच्या दृष्टीने ही व्याख्या पुरेशी आहे. मात्र इतिहास म्हणून ती अपुरी आहे. कारण तिच्यात वेळेचा विचार येतो, माणसांचा येत नाही.

१९६० च्या दशकात प्रथमच असे घडले की परस्परांना न ओळखणारी, वेगवेगळ्या विभागांतील, वेगवेगळ्या हेतूंनी काम करणारी माणसे एकाच वेळी एकाच यंत्राच्या आत वावरू लागली. कोणाची फाइल कोणी पाहावी, यंत्राचा वेळ कोणाला किती मिळावा, एकाच्या चुकीपासून दुसऱ्याचे रक्षण कोणी करावे, हे प्रश्न त्यापूर्वी संगणकाच्या संदर्भात या तीव्रतेने उपस्थित झालेच नव्हते. टाइम-शेअरिंगच्या इतिहासाचा गाभा या प्रश्नांत आहे.

या कालखंडाविषयी आज प्रचलित असलेल्या तीन मांडणींची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. पहिली पाठ्यपुस्तकांतील 'यंत्रांच्या पिढ्यां'ची, दुसरी स्टीव्हन लेव्ही यांच्या 'हॅकर्स' (१९८४) या ग्रंथाने लोकप्रिय केलेली वीरकथेची आणि तिसरी मल्टिक्सचे अपयश व युनिक्सचे यश अशी यशापयशाची. या तिन्ही मांडणींत तथ्यांश आहे. परंतु तिन्हींमध्ये सहवापराचा आणि विश्वासाचा प्रश्न कडेला पडतो व त्यामुळे काही प्रणालींना न्याय मिळत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

संकल्पनेचा उगम आणि शब्दाचे दोन अर्थ

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या संगणकावर काम करण्याची रीत अशी होती : प्रोग्रॅम पंच कार्डांवर छिद्रित करावयाचा, कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीत द्यावयाचा आणि काही तासांनी अथवा दुसऱ्या दिवशी छापील निकाल घ्यावयाचा. एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर पुन्हा तोच फेरा. यंत्राचा एक क्षणही वाया जाऊ नये म्हणून माणसाचा दिवस वाया जात असे. यंत्र अतिशय महाग असल्याने हा व्यवहार सर्वांनी स्वाभाविक मानला होता.

या व्यवस्थेला पर्याय सुचविणारे दोन लेखी दस्तऐवज १९५९ या एकाच वर्षातील आहेत. एमआयटीमधील जॉन मॅकार्थी यांनी १ जानेवारी १९५९ रोजी फिलिप मोर्स यांना एक टिपण लिहिले व संस्थेत येऊ घातलेल्या आयबीएम ७०९ या यंत्रासाठी टाइम-शेअरिंगची योजना मांडली. त्याच वर्षी जून महिन्यात पॅरिस येथे युनेस्कोच्या माहिती-प्रक्रियाविषयक परिषदेत ब्रिटिश संगणकतज्ज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी मोठ्या वेगवान संगणकांतील टाइम-शेअरिंगविषयी निबंध वाचला. शब्द एकच असला तरी दोघांचा भर वेगळा होता. स्ट्रेची यांच्यासमोर मुख्यतः यंत्राच्या रिकाम्या वेळेचा प्रश्न होता. एक काम थांबले असता दुसरे पुढे सरकावे आणि त्याच वेळी एखाद्या प्रोग्रॅमरला आपल्या प्रोग्रॅममधील दोष शोधता यावेत, असे त्यांचे चित्र होते. मॅकार्थी यांना मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा वेळ वाचवायचा होता. त्याला यंत्राशी थेट संवाद साधता यावा ही त्यांची मागणी होती.

हा भेद सूक्ष्म वाटला तरी महत्त्वाचा आहे. स्ट्रेची यांच्या अर्थाने टाइम-शेअरिंग हा कार्यक्षमतेचा उपाय ठरतो. मॅकार्थी यांच्या अर्थाने ते माणूस आणि यंत्र यांच्यातील नात्याचे पुनर्घटन ठरते. एमआयटीच्या शताब्दीनिमित्त १९६१ मध्ये दिलेल्या व्याख्यानात मॅकार्थी यांनी संगणनाची सेवा दूरध्वनीसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल अशी कल्पना मांडली, ती या दुसऱ्या अर्थाचाच विस्तार होय. पुढील काळातील इतिहासलेखनात पहिला अर्थ टिकला आणि दुसरा पुसट होत गेला.

पहिली मांडणी : यंत्रांच्या पिढ्या

अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या 'मॉडर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स' या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकात ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास यंत्रांच्या पिढ्यांनुसार सांगितला आहे : निर्वात नळ्यांची पहिली पिढी, ट्रान्झिस्टर व बॅच प्रणालींची दुसरी, एकात्मिक मंडले व मल्टिप्रोग्रॅमिंगची तिसरी आणि वैयक्तिक संगणकांची चौथी. टाइम-शेअरिंगची चर्चा तिसऱ्या पिढीच्या प्रकरणात येते.

येथे एक अडचण उद्भवते. ज्या प्रणालीपासून ही चर्चा सुरू होते ती कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम, म्हणजे सीटीएसएस, तिसऱ्या पिढीच्या यंत्रावर चालत नव्हती. फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तिचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये आयबीएम ७०९ या यंत्रावर झाले. हे यंत्र निर्वात नळ्यांचे होते. पुढे ती ७०९० आणि ७०९४ या ट्रान्झिस्टरच्या यंत्रांवर गेली. टॅनेनबॉम हे सीटीएसएसचा ७०९४ शी असलेला संबंध स्वतःच नमूद करतात आणि संरक्षणासाठी आवश्यक असलेली यंत्रसामग्री तिसऱ्या पिढीत सर्वत्र उपलब्ध झाल्यावरच टाइम-शेअरिंगचा प्रसार झाला असे स्पष्टीकरण देतात. हे स्पष्टीकरण प्रसाराच्या बाबतीत योग्य आहे. परंतु उगमाच्या बाबतीत ते पुरे पडत नाही. टाइम-शेअरिंग यंत्रांच्या प्रगतीतून आपोआप निपजले असते तर ते त्यासाठी न घडविलेल्या यंत्रावर जन्माला आले नसते.

वस्तुस्थिती अशी की एमआयटीच्या गटाला आयबीएमच्या यंत्रात खास बदल करून घ्यावे लागले. ठरावीक काळाने चालू कामात व्यत्यय आणणारे घड्याळ, एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या स्मृतीत शिरू न देणारी संरक्षणव्यवस्था आणि प्रोग्रॅमची जागा बदलण्याची सोय हे त्यांतील प्रमुख बदल होत. यंत्राला प्रत्येकी ३२,७६८ शब्दांच्या दोन स्मृती बसविण्यात आल्या. एक नियंत्रक प्रोग्रॅमसाठी आणि दुसरी वापरकर्त्यांसाठी. प्रारंभीच्या प्रात्यक्षिकात टंकयंत्रासारखी केवळ चार टर्मिनल होती आणि एकाची पाळी संपली की त्याचा प्रोग्रॅम चुंबकीय फितीवर उतरवून दुसऱ्याचा स्मृतीत आणला जाई. मे १९६२ मध्ये कोर्बाटो, मार्जोरी मर्विन-डॅगेट आणि रॉबर्ट डेली यांनी या प्रयोगाविषयीचा निबंध सादर केला. माणसांची गरज आधी निर्माण झाली आणि यंत्र तिच्यामागे खेचले गेले, हा क्रम पिढ्यांच्या मांडणीत नेमका उलटा दिसतो.

वेळेच्या वाटणीची रीतही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. सीटीएसएसमध्ये सर्वांना सरसकट सारखा वेळ मिळत नसे. रांगांचे अनेक स्तर होते. लहान काम वरच्या रांगेत लागे व लगेच उरके. दिलेल्या अवधीत न संपणारे काम खालच्या रांगेत ढकलले जाई, तेथे त्याची पाळी उशिरा येई पण आली की अधिक काळ टिके. टर्मिनलपुढे बसलेल्या माणसाला तत्काळ उत्तर मिळावे आणि लांबलचक आकडेमोड करणाऱ्यावरही अन्याय होऊ नये, असा हा तोल होता. आज ही पद्धत शेड्युलिंगचे एक अल्गोरिदम म्हणून शिकविली जाते. मुळात मात्र तो न्याय्य वाटपाविषयीचा निर्णय होता, हे विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचते.

सीटीएसएस : सहवापराचे धडे

१ जुलै १९६३ रोजी अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेच्या अर्थसाहाय्याने एमआयटीमध्ये प्रोजेक्ट मॅक सुरू झाला. आर्पातील जे. सी. आर. लिक्लायडर यांचा त्यास पाठिंबा होता आणि रॉबर्ट फॅनो हे त्याचे संचालक होते. सीटीएसएसवर आता एका वेळी सुमारे तीस जण काम करू लागले आणि सहवापराचे परिणाम दिसू लागले.

त्यांतील काही परिणाम सुखद होते. जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ मध्ये मजकूर छापील रूपात मांडणारा 'रनऑफ' हा प्रोग्रॅम लिहिला. १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक व नोएल मॉरिस यांनी 'मेल' ही आज्ञा तयार केली आणि एक वापरकर्ता दुसऱ्यासाठी निरोप ठेवू लागला. जोसेफ वायझेनबॉम यांचा 'एलायझा' हा संभाषण करणारा प्रोग्रॅम याच प्रणालीवर घडला. यांपैकी कशाचाही यंत्राची कार्यक्षमता वाढविण्याच्या मूळ उद्देशाशी संबंध नव्हता. माणसे एकत्र आल्यामुळे या गोष्टी घडल्या.

काही परिणाम मात्र सावध करणारे होते. प्रत्येकाचे काम व वेळेचा हिशेब वेगळा राहावा म्हणून सीटीएसएसमध्ये परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, वापरात आला. तेथील संशोधक विद्यार्थी ॲलन शेर यांना मिळालेला यंत्राचा वेळ त्यांच्या कामाला अपुरा पडत होता. त्यांनी पासवर्डांची फाइल छापून घेण्याची युक्ती शोधली व इतरांच्या नावे यंत्र वापरले, ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे उघड केली. विशेष म्हणजे १९६५ मधील त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध टाइम-शेअरिंग प्रणालींच्या विश्लेषणावरच होता. वेळेची टंचाई आणि विश्वासाचा भंग यांचा संबंध यातून स्पष्ट होतो.

दुसरा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. १९६० च्या दशकात एके दिवशी प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर दैनिक सूचनेऐवजी सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड छापले जाऊ लागले. एक व्यवस्थापक सूचनेची फाइल दुरुस्त करीत असताना दुसरा पासवर्डांची फाइल दुरुस्त करीत होता. संपादकाचा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव देत असे, त्यामुळे दोन फाइलींची अदलाबदल झाली. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस काम करील, असे त्या प्रोग्रॅमच्या रचनेत गृहीत धरलेले होते. अनेकांसाठी उभारलेल्या प्रणालीच्या एका कोपऱ्यात 'एकच माणूस' हे जुने गृहीतक तसेच राहिले होते आणि घात तेथेच झाला. कोर्बाटो यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात (१९९१) आणि युनिक्सचे रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी पासवर्ड-सुरक्षेवरील निबंधात (१९७९) या प्रसंगाची नोंद घेतली आहे. केंब्रिज विद्यापीठातील टायटन यंत्रावर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉजर नीडहॅम यांनी पासवर्ड मूळ रूपात न साठवता उलट फिरवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात साठविण्याची पद्धत आणली. पासवर्ड कितीही जपला तरी फाइल उघडी पडू शकते, हे वास्तव तीत स्वीकारलेले होते.

दुसरी मांडणी : वीरकथा

लेव्ही यांच्या 'हॅकर्स' या ग्रंथात याच एमआयटीमधील दुसऱ्या एका गटाची कथा येते. कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील रिचर्ड ग्रीनब्लॅट, टॉम नाइट, डोनाल्ड ईस्टलेक आदींनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीडीपी-६ या यंत्रासाठी स्वतःची टाइम-शेअरिंग प्रणाली लिहिली. सीटीएसएसमधील 'कंपॅटिबल' या शब्दाची थट्टा करून तिला 'इन्कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम', म्हणजे आयटीएस, असे नाव देण्यात आले. आयटीएसमध्ये मुळात पासवर्ड नव्हते. कोणीही कोणाची फाइल वाचू शकत असे, सुधारू शकत असे. प्रणाली बंद पाडणारी आज्ञाच सर्वांना उपलब्ध होती. जी गोष्ट कोणालाही करता येते ती करून दाखविण्यात पुरुषार्थ उरत नाही, असा त्यामागे विचार होता.

लेव्ही यांची शैली प्रवाही आहे, मुलाखतींवर आधारलेला तपशील विपुल आहे आणि एका छोट्या समूहाची मूल्यव्यवस्था त्यांनी प्रथमच व्यापक वाचकवर्गासमोर आणली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. इमॅक्ससारखा संपादक आयटीएसवर १९७६ मध्ये जन्मला, ही त्या मुक्ततेची फलश्रुती मानावी लागेल. तथापि या ग्रंथाच्या उपशीर्षकातच संगणक-क्रांतीचे 'वीर' आहेत आणि वीर म्हटले की प्रतिनायक आवश्यक ठरतो. ती भूमिका येथे सीटीएसएस व मल्टिक्स यांच्या वाट्याला येते. पासवर्ड म्हणजे नोकरशाही, हिशेब म्हणजे संकुचितपणा, संरक्षण म्हणजे अविश्वास, अशी समीकरणे वाचकाच्या मनात तयार होतात.

या समीकरणांची तपासणी केली असता दोन गोष्टी आढळतात. एक, आयटीएसचा वापरकर्तावर्ग लहान होता व त्यातील बहुतेक एकमेकांना ओळखत होते. परस्परविश्वास तेथे प्रणालीने निर्माण केलेला नव्हता. तो प्रयोगशाळेच्या सामाजिक जीवनातून आलेला होता आणि प्रणाली त्यावर उभी होती. सीटीएसएसवर मात्र विविध विभागांतील माणसे येत होती. चार मित्रांच्या खोलीला कुलूप लागत नाही म्हणून संपूर्ण वसतिगृहाला कुलपाची गरज नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन, व्हिएतनाम युद्धविरोधी आंदोलनाच्या काळात, संरक्षण खात्याच्या पैशांवर चालणाऱ्या या प्रयोगशाळेचे दरवाजे भक्कम करण्यात आले व प्रवेश मर्यादित झाला. फाइलींना कुलूप नसलेल्या या जगाच्या दाराला कुलूप होते. लेव्ही ही विसंगती लपवीत नाहीत. परंतु ग्रंथाच्या एकूण मांडणीत ती एका प्रसंगापुरतीच राहते. आतील मुक्तता बाहेरच्या कुलपावर अवलंबून होती काय, हा प्रश्न तेथून पुढे जाऊन विचारावयास हवा होता.

मुक्त प्रवेशाचा आणखी एक प्रयोग त्याच काळात न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयात चालू होता आणि तो महाविद्यालयीन अध्यापकांना अधिक जवळचा वाटावा असा आहे. जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी पदवीच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने टाइम-शेअरिंग प्रणाली आणि बेसिक ही भाषा तयार केली. १ मे १९६४ च्या पहाटे त्यावर पहिले प्रोग्रॅम चालले. ग्रंथालयात जाऊन हवे ते पुस्तक कपाटातून स्वतः काढून घेता येते तसा संगणक प्रत्येक विद्यार्थ्याला विनामूल्य मिळावा, ही केमेनी यांची भूमिका होती. कला शाखेचे विद्यार्थीही त्यांच्या दृष्टीने यातून वगळलेले नव्हते. येथे मुक्तता होती, मात्र ती तज्ज्ञांच्या वर्तुळापुरती नव्हती. पासवर्ड की मुक्तता, असे लेव्ही यांच्या कथेत दिसणारे द्वंद्व डार्टमथच्या उदाहरणापुढे टिकत नाही. खरा प्रश्न मुक्तता कोणासाठी, हा आहे. जॉय लिसी रँकिन यांनी २०१८ मधील अमेरिकेतील संगणनाच्या लोक-इतिहासात डार्टमथला मध्यवर्ती स्थान दिले आणि त्याच वेळी तेथील पुरुषप्रधान वातावरणाचीही चिकित्सा केली. डार्टमथमध्ये विद्यार्थिनींना प्रवेश १९७२ मध्ये मिळाला, हे ध्यानात घेता त्यांची चिकित्सा उचित ठरते.

तिसरी मांडणी : मल्टिक्सचे 'अपयश'

मल्टिक्सविषयी सर्वसाधारण समज असा : एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल प्रयोगशाळा यांनी एकत्र येऊन एक अवाढव्य प्रणाली हाती घेतली, ती पेलली नाही, बेल प्रयोगशाळा कंटाळून बाहेर पडली आणि तेथील दोन प्रज्ञावंतांनी एका जुन्या छोट्या यंत्रावर युनिक्स लिहून सर्वांना धडा दिला. कथा आकर्षक आहे. 'साधेपणाचा विजय' हे तिचे तात्पर्यही तयार आहे. युनिक्स हे नावदेखील मल्टिक्सवरील कोटीतून आलेले असल्याने या कथेला बळ मिळते.

यातील सत्यांश प्रथम मान्य करावयास हवा. मल्टिक्सला विलंब झाला. ती जवळजवळ संपूर्णपणे पीएल-वन या उच्चस्तरीय भाषेत लिहावयाची ठरली, पण त्या भाषेचा कंपायलर वेळेवर मिळाला नाही. बेल प्रयोगशाळा १९६९ मध्ये बाहेर पडली. परंतु कथा येथे थांबविली जाते, हीच तिची मर्यादा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मल्टिक्सची सेवा एमआयटीतील वापरकर्त्यांसाठी सुरू झाली. जनरल इलेक्ट्रिकचा संगणक व्यवसाय १९७० मध्ये हनीवेलकडे गेला आणि पुढे मल्टिक्स व्यापारी उत्पादन म्हणून विकली गेली. ती सुमारे ८० ठिकाणी बसविण्यात आली. त्यांत वाहन उद्योगातील कंपन्या, फ्रान्समधील विद्यापीठे व अमेरिकी हवाई दल यांचा समावेश होता. शेवटची मल्टिक्स यंत्रणा कॅनडाच्या संरक्षण खात्यात हॅलिफॅक्स येथे ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाली. तीन दशके सेवा देणाऱ्या प्रणालीला निव्वळ अपयश म्हणणे इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. टॅनेनबॉम यांनीही तिच्या यशाला संमिश्र म्हटले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. मात्र वर्गात पोहोचते ती बहुधा अपयशाची कथाच.

अधिक महत्त्वाचा मुद्दा मल्टिक्सने कोणता प्रश्न सोडवायला घेतला होता, हा आहे. १९६५ मध्ये तिच्याविषयी सहा निबंध सादर झाले. वीज अथवा दूरध्वनीप्रमाणे संगणनाची सेवा रात्रंदिवस अखंड मिळावी, हे त्यांतील उद्दिष्ट होते. अशी सेवा घेणारे लोक एकमेकांचे मित्र असणार नाहीत, प्रतिस्पर्धीही असू शकतील, हे त्यात अंतर्भूत होते. म्हणून प्रत्येक फाइलसाठी ती कोणी वाचावी, कोणी बदलावी याची स्वतंत्र यादी मल्टिक्समध्ये ठेवता येई. आणि अधिकारांची वर्तुळे एकात एक आखून बाहेरच्या वर्तुळातील प्रोग्रॅमला आतील वर्तुळात ठरावीक दारांतूनच प्रवेश दिला जाई. सहवापर आणि संरक्षण या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गरजा एकाच रचनेत सांधण्याचा हा प्रयत्न होता. पुष्कळशी गुंतागुंत या प्रश्नाच्या स्वरूपातूनच आलेली होती.

मल्टिक्स निर्दोष होती असे मात्र नाही. पॉल कार्गर व रॉजर शेल यांनी हवाई दलासाठी १९७४ मध्ये केलेल्या परीक्षणात तिच्यातही गंभीर छिद्रे दाखवून दिली आणि कंपायलरमध्येच फसवे दार दडविता येईल असा इशारा दिला. थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात ही कल्पना युनिक्सच्या संदर्भात विकसित केली व तिचे मूळ हवाई दलाच्या मल्टिक्सविषयक परीक्षणात असल्याचे सांगितले. या टीकेतून मल्टिक्समध्ये सुधारणा होत गेल्या आणि १९८५ मध्ये तिला अमेरिकी सरकारच्या सुरक्षा-मूल्यांकनात बी-२ ही श्रेणी मिळाली. दोष उघडपणे शोधणे व दुरुस्त करणे ही प्रक्रिया तिच्या इतिहासाचा भाग आहे आणि 'अपयश' या एका शब्दाने ती झाकली जाते.

युनिक्स : वारसा आणि वगळलेले

युनिक्सच्या कर्त्यांची स्वतःची साक्ष लोकप्रिय कथेपेक्षा वेगळी आहे. डेनिस रिची व थॉम्पसन यांच्या १९७४ मधील निबंधाच्या शीर्षकातच युनिक्सला टाइम-शेअरिंग प्रणाली म्हटले आहे. रिची यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींतून असे दिसते की मल्टिक्स सोडताना त्यांना केवळ प्रोग्रॅम लिहिण्याची सोय गमावल्याचे दुःख नव्हते. एकत्र काम करणाऱ्यांचा जो सहवास अशा प्रणालीभोवती निर्माण होतो तो त्यांना टिकवायचा होता. श्रेणीबद्ध फाइलरचना युनिक्सने मल्टिक्सकडून घेतली. 'शेल' ही संज्ञा लुई पूझँ यांची. तिची मुळे त्यांनी सीटीएसएससाठी लिहिलेल्या 'रनकॉम' या प्रोग्रॅमपर्यंत जातात. अशा स्थितीत युनिक्सला मल्टिक्सचे खंडन मानण्यापेक्षा तिची एक संक्षिप्त आवृत्ती मानणे अधिक योग्य ठरते.

संक्षेपात काय वगळले गेले, हे पाहणे उद्बोधक आहे. अधिकारांची अनेक वर्तुळे गेली. सर्वाधिकारी असा एक 'सुपरयूजर' आणि उरलेले सामान्य वापरकर्ते असा द्विभाग उरला. प्रत्येक फाइलची सविस्तर प्रवेशयादी गेली. मोजक्या परवानग्यांवर भागविण्यात आले. एका प्रयोगशाळेतील परिचित सहकाऱ्यांसाठी हे पुरेसे होते. परंतु युनिक्स प्रयोगशाळेबाहेर पडून जगभर पसरली तेव्हा वगळलेल्या गोष्टी एकेक करून परत आणाव्या लागल्या. प्रवेशयाद्या युनिक्सच्या वंशातील प्रणालींत पुन्हा आल्या. इंटेलने १९८२ मधील ८०२८६ या प्रोसेसरमध्ये संरक्षणाचे चार स्तर ठेवले. मल्टिक्सच्या वर्तुळांशी त्यांचे साम्य उघड आहे. ज्याला अनावश्यक गुंतागुंत म्हणून हिणविले गेले त्याची गरज कालांतराने पटली. साधेपणाचा विजय झाला हे खरे. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी चुकती केली हेही तितकेच खरे.

वर्तमान संदर्भ

वैयक्तिक संगणक आल्यावर टाइम-शेअरिंग कालबाह्य झाले, असे पिढ्यांच्या मांडणीवरून वाटते. प्रत्यक्षात आजच्या क्लाउड सेवेत असंख्य अपरिचित ग्राहकांची कामे एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी चालतात. या सेवेला आधारभूत असलेली आभासी यंत्रांची कल्पना आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० व सीपी-६७ या प्रणालींतून साकारली, त्याही टाइम-शेअरिंगच्याच गरजेतून. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर व मेल्टडाउन हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाले, तेव्हा एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचे गुपित कळू शकते हे उघड झाले आणि शेजाऱ्यापासून संरक्षण हा सीटीएसएसच्या काळातील प्रश्न नव्या रूपात समोर आला. हा इतिहास केवळ कार्यक्षमतेचा म्हणून शिकविला गेला तर विद्यार्थ्याला या दोन घटनांतील नाते दिसणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. यंत्रांच्या पिढ्यांनुसार केलेली मांडणी अध्यापनास सोयीची असली तरी टाइम-शेअरिंगच्या उगमाचे स्पष्टीकरण तिच्यातून मिळत नाही. येथे मागणी माणसांची होती व यंत्र तिच्यानुसार बदलले गेले.

२. लेव्ही यांची वीरकथा एका समूहाच्या मूल्यांचे मौलिक चित्रण करते; परंतु लहान, परिचित समूहातील मुक्तता हा सर्व प्रणालींचा मापदंड मानता येत नाही. डार्टमथच्या प्रयोगाने मुक्ततेचा अधिक व्यापक अर्थ दाखविला.

३. मल्टिक्सला अपयश ठरविणारी कथा १९६९ या वर्षी थांबते. त्यापुढील तीन दशके व पुढील प्रणालींनी घेतलेला वारसा विचारात घेता हा निर्णय पुनर्विचारास पात्र आहे.

४. टाइम-शेअरिंगचे अध्यापन करताना शेड्युलिंग, पासवर्ड, प्रवेशयादी या घटकांमागील सामाजिक प्रश्न विद्यार्थ्यांसमोर मांडणे आवश्यक आहे. त्यासाठी स्वतंत्र अभ्यासपत्रिकेची गरज नाही. सीटीएसएसमधील फाइलींच्या अदलाबदलीचा एक प्रसंगही एका तासिकेत पुष्कळ काही शिकवू शकतो.

कोर्बाटो यांनी आपल्या ट्युरिंग व्याख्यानाला, ज्या प्रणाली अपयशी ठरणारच आहेत त्यांच्या उभारणीविषयी, अशा आशयाचे शीर्षक दिले होते. महत्त्वाकांक्षी प्रणालीत काही ना काही चुकणारच, तेव्हा ते गृहीत धरून रचना करावी, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांच्यावर अपयशाचा शिक्का बसला त्यांनीच अपयशाचा इतका शांत व शास्त्रीय विचार केला होता. इतिहासलेखकाने तेवढाच शांतपणा दाखविला तर मल्टिक्सला, आणि तिच्या निमित्ताने त्या संपूर्ण कालखंडाला, अधिक न्याय मिळेल.